गुरुवारची गोळी

"डॉक्टर, आता तुमच्या गोळ्या बंद करायच्या," खुर्चीत टेकायच्या आधीच सुनंदाताईंनी रिपोर्ट पुढे सरकवला.

सीआरपी चक्क नॉर्मल. शरीरात दाह किती आहे, हे सांगणारी ही रक्ततपासणी. मी सांध्यांचा डॉक्टर. मांजरी गावच्या सुनंदाताई ब्लाउज शिवून घर चालवतात. आमवाताने त्यांची बोटं अशी सुजायची की कात्री धरवत नसे. वर्षभर माझं औषध लागू पडत नव्हतं, म्हणून आता इंजेक्शनं सुरू करायच्या विचारात होतो. आणि अचानक हे.

त्यांचं म्हणणं, ही सगळी सोळा तासांच्या उपासाची करामत. दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्यातच काय ते खायचं. त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांना गुण आला होता.

सगळ्यांना गुण आला म्हटलं की माझ्या मनात पाल चुकचुकते. उपासाने काहींचा दाह थोडाफार उतरतो, हे मीही वाचलंय. पण इतका? मला पटेना. आधी लॅबवर संशय घेतला. दुसऱ्या लॅबनेही तेच सांगितलं. मग ग्रुपवर घेतला. असल्या ग्रुपमधून एखादी चूर्णाची पुडी फिरते आणि तिच्यात कधीकधी स्टिरॉइड निघतं. हे बोलून दाखवताच ताईंनी पर्सच माझ्या टेबलावर उपडी केली. सुया, बटणं, टेप. पुडी नाही.

तरी मी वकिलासारखा खोदत राहिलो. उपास रोज करता? एकही दिवस खाडा नाही?

"रोज. म्हणून तर गुरुवारचा सोडला. रोजच उपास, मग वेगळा वार कशाला?"

गुरुवार ऐकून मी थबकलो. आमवाताची मुख्य गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. जास्त झाली तर जिवावर बेतते. तिचा वार ताईंनीच निवडला होता, देवाचा वार म्हणजे विसरणार नाही म्हणून.

"आधी गुरुवारी काहीच खात नव्हता?"

"नुसत्या पाण्यावर. सोडायचे ते शुक्रवारी."

"मग गोळी?"

"उपाशीपोटी घ्यायची नाही, तुम्हीच सांगितलंत."

"अहो, मग शुक्रवारी घ्यायची."

"वार बदलायचा नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. बाकीच्या रोजच्या गोळ्या घेत होते की."

राग आला, पण काढणार कोणावर? बाईंनी माझा शब्द न् शब्द पाळला होता. नव्या उपासामुळे गुरुवारी जेवण सुरू झालं आणि गोळी पहिल्यांदाच पोटात जाऊ लागली. नेमकी तीच बंद करायला त्या निघाल्या होत्या.

हे समजावल्यावर त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. "म्हणजे उपासाचा काहीच गुण नाही?"

"असेलही. उपास करा खुशाल. पण गोळी सुटली तर कात्रीही सुटेल."

त्या दोन्ही करतात. बोटं छान चालतात. ग्रुपवर मात्र त्यांनी लिहिलं, 'उपासाने गुण आला, डॉक्टरांनीही मान्य केलं.' मी वाद घातला नाही.

आता ही गोळी लिहून देताना मी आधी एकच विचारतो, उपास कोणत्या वारी?