पाच नंबरचा पंप आणि वन्सं

मी या घरात नवीन आले तेव्हा पहिलं भांडण ऐकलं ते पंख्यावरून. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते आणि बाहेरच्या खोलीत आमच्या ह्यांची आणि त्यांच्या थोरल्या बहिणीची जुंपली होती.

"ताई, स्टूल सोड."

"नाही सोडणार. तू आधी खाली उतर."

"अगं, आठवडा झाला, कटकट करतोय तो. दोन थेंब तेल घालतो, विषय संपला."

"आत्ता कुठे त्याचा आवाज बदललाय, छोट्या. काल नुसतं टक् होतं, आज टक्-खर्र झालंय. बघू तरी पुढे काय होतं."

"पुढे तो माझ्या डोक्यात पडेल."

"तेही कळेलच की."

मी चहा घेऊन बाहेर आले. नवरा स्टुलावर, हातात तेलाची डबी. वन्सं खाली फतकल मारून बसलेल्या, दोन्ही हातांनी स्टुलाचा पाय धरून. चहाकडे कुणी बघितलंही नाही. माझ्या मनात आलं, माहेरच्यांनी स्थळाची अजून थोडी चौकशी करायला हवी होती.

आमच्या ह्यांचं दुरुस्तीचं दुकान. पंखे, मिक्सर, शिलाई मशीन, जे येईल ते. ह्यांना आवाज सोसवत नाही. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी दार कुरकुरलं की खिशातून डबी काढून बिजागरीत तेल सोडणार. प्रत्येक सदऱ्याच्या खिशाखाली तेलाचा डाग. तो मी आयुष्यभर घासला, आणि तो जसाच्या तसा आहे.

आणि वन्संचं काम बरोबर उलटं. त्या एका संशोधन संस्थेत पंपांच्या खोलीवर होत्या. तिथे सारखेच बरेच पंप एका रांगेत लावून ठेवलेले, रात्रंदिवस चालू. पाण्यात मुद्दाम बारीक वाळू मिसळलेली, म्हणजे झीज लवकर व्हावी. प्रत्येकाच्या अंगाला थरथर मोजणारी आणि गरमी मोजणारी यंत्रं चिकटवलेली. वन्संनी करायचं काय, तर बघायचं. वाळू कमी झाली की घालायची, यंत्राची वायर सुटली की जोडायची, पण पंपाला हात लावायचा नाही. ग्रीस नाही, नट आवळणं नाही. कण्हला तर कण्हू द्यायचा. तो बंद पडेपर्यंत.

"म्हणजे तुम्हाला पंप बिघडवायचा पगार देतात?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"बिघडवत नाही गं. बिघडू देतो. प्रत्येक जण कसा कसा झिजत गेला, त्याची रेषा काढतात बाई. पुष्कळ रेषा एकावर एक ठेवल्या की दुसऱ्या कुणाच्या पंपाची थरथर बघून सांगता येतं, याचं अजून किती उरलंय."

बाई म्हणजे तिथल्या संशोधक. वन्संपेक्षा वयाने लहान, पण वन्सं त्यांचं नाव कधी घेत नसत, नुसतं बाई. आणि बाईंची ती शिस्त वन्संनी घरी आणली, हे माझं नशीब. नळ गळतोय, गळू दे. चपलेचा अंगठा उसवलाय, राहू दे. खुर्चीचा पाय हलतोय, हलू दे, त्याच्यावर लक्ष आहे माझं. एकदा माझे वडील आले आणि नेमके त्या खुर्चीवर बसले. धाडकन खाली. मी धावले, हे धावले. वन्सं खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "मला वाटलं होतं अजून महिनाभर काढेल." वडील पुन्हा आले ते थेट बारशाला, आणि उभेच राहिले.

एक भाऊ बिघाड व्हायच्या आधीच दुरुस्त करणारा, एक बहीण बिघडल्यावरसुद्धा दुरुस्त न करू देणारी. मधे मी. वन्संनी लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "बघत बसायला छोट्या आहे ना."

तर पंपांचं सांगत होते. एकेक करत सगळे बंद पडले. प्रत्येकाच्या वेळी वन्सं तिथे होत्या, याचा त्यांना भारी अभिमान. त्यांच्याकडे ह्यांच्या दुकानातला एक लांब स्क्रू ड्रायव्हर होता. त्याचं टोक पंपाला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, की आतलं सगळं ऐकू येतं. जाणाऱ्याचं शेवटचं ऐकून घरी यायच्या आणि जेवताना आम्हाला ते आवाज काढून दाखवायच्या. भाजी गार व्हायची. शेवटी राहिला एक, पाच नंबरचा. तो काही जाईना. बाईंना त्याचा शेवट फार मोलाचा होता, कारण रेषेचं टोक म्हणजे तोच. आणि वन्संना एकच ध्यास, की तो थांबेल तेव्हा आपण तिथे असलं पाहिजे. "एवढं एक बघितलं की मग मला रिटायर करा," म्हणायच्या.

मग एके दिवशी वन्सं चष्मा घरी विसरल्या. हे जाऊन देऊन आले. त्यानंतर आठवडाभराने आम्ही जेवायला बसलो होतो आणि वन्सं अगदी खुशीत.

"पाच नंबर काय करतोय माहितीये? थरथर कमी झाली त्याची. आपोआप. बाई तर चक्रावल्यात. बाहेरच्या मोठमोठ्या लोकांना बोलावलंय बघायला, आपला आपण कसा सुधारला म्हणून."

आमच्या ह्यांनी घास गिळला आणि म्हणाले, "आपोआप कसा सुधारेल? मीच ग्रीस भरलं की."

चेहरा असा, की आता कुणीतरी शाबासकी द्यावी.

वन्संचा हात ताटातच राहिला. "कधी?"

"चष्मा आणला तेव्हा. तू वाळू आणायला गेली होतीस. किती विव्हळत होता बिचारा. कुणालाच कशी दया आली नाही?"

"किती भरलंस?"

"आता ते काय मोजून भरतात? बोटाने अंदाजाने."

वन्सं उठल्या, हात धुतले आणि आत जाऊन पडल्या. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "यात माझं काय चुकलं?" हा प्रश्न ते पुढे वर्षभर विचारत होते, आणि उत्तर मीच द्यायचं.

दुसऱ्या दिवशी वन्संनी बाईंना खरं सांगितलं. बाहेरच्या लोकांना येऊ नका म्हणून कळवावं लागलं. बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं, असं वन्सं म्हणत. म्हणाल्या, "चष्म्याच्या दिवसापर्यंत जिवंत होता, एवढं धरता येईल. शेवट मात्र गेला." पंपांच्या खोलीची किल्ली त्यांनी मागून घेतली आणि वन्संना वरच्या मजल्यावर पाठवलं, बाईंच्याच दुसऱ्या कामावर, पेशींच्या खोलीत. तिथे कुरकुरण्यासारखं काही नव्हतं, आणि भावाला तेल घालायला जागाही नव्हती.

घरात वन्संनी भावाशी बोलणं सोडलं. समोरासमोर बसायचे दोघं आणि मला सांगायचे. "त्याला सांग, मीठ इकडे दे." "तिला सांग, तिच्या हाताशीच आहे." दोन पावलांवरचे निरोप मी पोचवत होते. पोस्टातसुद्धा माणसाला सुट्टी असते.

पण वन्संना नवीन जागेचं सांगितल्याशिवाय राहवेना. मग त्या मला सांगायच्या, ह्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. तिथे म्हणे उथळ बशांमध्ये गुलाबी पाणी, त्यात जिवंत पेशी. एक दिवसाआड पाणी बदलायचं, अंगाइतकं ऊबदार ठेवायचं. बशी भरली की निम्म्या काढून दुसऱ्या बशीत. पेशी पुन्हा वाढतात, पुन्हा भरतात. असं करता करता एक वेळ येते की त्यांचा उत्साह संपतो. पसरट होतात, मोठ्या होतात आणि बसून राहतात.

"खातात, पण वाढत नाहीत," वन्सं म्हणाल्या. "मरतही नाहीत. नुसत्या बसतात आणि काहीबाही सोडून शेजारच्या चांगल्या पेशींना बिघडवतात."

"अशा आपल्या गल्लीत पुष्कळ आहेत," मी म्हटलं. "त्याला सूक्ष्मदर्शक कशाला?"

म्हाताऱ्या किती झाल्या ते मोजायला एक औषध घालतात. म्हातारी पेशी निळी होते. पण तेवढं केलं की ती बशी कामातून गेली. म्हणून सगळ्या एकदम मोजायच्या नाहीत, थोड्या आज, थोड्या महिन्याने, आणि मधलं काय झालं असेल ते बाई हिशेबाने जोडतात. मला ऐकूनच कंटाळा आला. नुसतं वय विचारायला जीव घ्यायचा.

"आणि गंमत सांगू?" वन्सं म्हणाल्या. "पंप आपला आपण काही दुरुस्त करत नाही. पेशी करते. रोज, आतल्या आत, कुणी न सांगता. बाई म्हणतात बिघाड आणि दुरुस्ती दोन्ही चालूच असतं. दुरुस्ती थोडी थोडी मागे पडत जाते, ते म्हणजे म्हातारपण. पंपाची रेषा आणि पेशीची रेषा यात फरक तेवढाच."

ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "म्हणजे तिथे दुरुस्ती चालते?"

मी तोंड उघडणार होते, निरोप पोचवायला. वन्सं थेट त्यांच्याकडेच बघून म्हणाल्या, "चालते."

"मग माझं काय चुकलं?"

"सांगितलं नाहीस. कधी आणि किती, ते मोजून सांगितलं असतंस तर बाईंनी रेषेत धरलं असतं. दुरुस्तीचं वाईट नाही वाटलं रे. ती चोरून झाली, त्याचं वाटलं."

ह्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "पाच नंबरचं काय केलं त्यांनी?"

पाच नंबर रांगेतून काढून मागच्या बागेत बसवला होता, टाकी भरायला. तिथे वाळू नाही, यंत्रं नाहीत. नुसता एक पंप.

"मग आता तरी ग्रीस घालू का?" ह्यांनी विचारलं.

"मी घालीन," वन्सं म्हणाल्या. "मोजून, आणि सांगून."

तेव्हापासून तो नेमच झाला. क्रीमच्या रिकाम्या डबीत हे ग्रीस भरून द्यायचे, आणि संस्थेतून निघताना वन्सं बागेत जाऊन स्क्रू ड्रायव्हर कानाला लावायच्या. रिटायर झाल्या तरी जात राहिल्या, मुद्दाम घरून. बाई मोठ्या जागी गेल्या, मग वन्सं माळ्याला सांगायच्या, आज एवढं घातलं. माळ्याला त्याचं काय. तो म्हणायचा, बरं आजी.

मी एकदा वैतागून म्हटलं, "तो बंद पडताना बघायचाय म्हणता, आणि वर ग्रीसही घालता. असा कसा बंद पडेल?"

"पेशी रोज दुरुस्ती करूनसुद्धा म्हाताऱ्या होतातच की. घाई कशाला?"

"आणि तुमचं काय? जिना चढताना धाप लागते ती दिसत नाही का आम्हाला?"

"लागू दे. माझं लक्ष आहे."

हे ऐकून माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पंपाला मोजून वंगण, आणि स्वतःला डॉक्टर नको. ह्यांनी समजावलं, मी समजावलं. शेवटी एक दिवस स्वयंपाक करणार नाही असं सांगून मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हृदय दमलंय म्हणून गोळ्या दिल्या. त्या घ्यायच्या, पण रोज स्वयंपाकघराच्या दारात येऊन सांगायच्या, "एक घेतली गं. सकाळची. ध्यानात ठेव." मी म्हणायची, ठेवलं. मला दुसरा उद्योग काय होता.

बागेत शेवटच्या गेल्या त्या दिवशीही तेच झालं. दुपार कलली तशी गोळी सांगितली, दुकानातून डबी घेतली, स्क्रू ड्रायव्हर पिशवीत टाकला. दम लागत होता. मी म्हटलं, आज राहू द्या, उद्या जा. म्हणाल्या, "उद्याचं उद्या." ह्यांनी सोबत येतो म्हटलं तर म्हणाल्या, "तू नको, तू जास्त भरशील."

टाकीच्या कट्ट्यावर बसून बराच वेळ ऐकत होत्या, असं माळी नंतर म्हणाला. मग बोटाच्या पेरभर ग्रीस घातलं आणि त्याला सांगितलं. परत आल्या त्या दिवेलागणीच्या सुमाराला. स्क्रू ड्रायव्हर पुसून दुकानात त्याच्या खिळ्याला लावला.

"काय म्हणतोय?" ह्यांनी विचारलं.

"खरखर आहे थोडी," वन्सं म्हणाल्या. "पण चालतोय."