फवारणीचा अ‍ॅप्रन

मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोचला की एक एन्झाइम तो लगेच पुसून टाकतं, आणि पिकावर फवारायचं औषध नेमकं तेच एन्झाइम बंद पाडतं. अमरावतीला एमएस्सीच्या तोंडी परीक्षेत हे मी घडाघडा सांगितलं. सर खूश झाले, मीही फुगले.

सुटीत बाळापूरला घरी आले, तर आई माझा जुना लॅबचा अ‍ॅप्रन घालून वांग्यावर फवारत होती. पाठीवरचा पंप गळत होता, अ‍ॅप्रन चिंब झाला होता.

“आई, काढ तो आधी!” मी ओरडले.

“काहून वं? तुया सायन्सचा कोट हाये. याच्यातून औषध आंगाले लागत नाई,” म्हणत तिनं त्याच्याच बाहीनं तोंड पुसलं.

तो अ‍ॅप्रन तिला मीच दिला होता. साडी खराब होऊ नये म्हणून.