अडलेला धवला

सुकापूरच्या वेणूबायला धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, कुणी समोर बसवून शिकवले नव्हते. तिची आय धवलारीण होती. आगऱ्यांच्या घरी लग्न ठरलं की धवलारणीला आवताण जातं. मांडव घालण्यापासून हळद लागेपर्यंत प्रत्येक विधीचा धवला वेगळा. तो ती म्हणते, मागच्या बाया तीच ओळ पुन्हा म्हणून झेलतात आणि मगच विधी पुढे सरकतो. लहानपणी वेणू आयच्या पदराआड बसून ऐकायची, पेंगायची, पुन्हा जागी होऊन ऐकायची. एकदा कुणाच्या तरी हळदीत आयला ठसका लागला आणि पुढची ओळ परकर-पोलक्यातल्या वेणूने उचलली. आयने तिच्याकडे नुसतं बघितलं आणि पाणी प्यायला उठून गेली. त्या दिवसापासून वेणू धवलारीण झाली.

तिचा आवाज जाड होता, थोडा घोगरा. पण त्या आवाजाने मांडव भरायचा. आजूबाजूच्या गावांत कितीतरी संसार त्या आवाजावर सुरू झाले. तिचा नवरा गेला, शेतं गेली, त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, लग्नं हॉलमध्ये व्हायला लागली. तरी हळदीला वेणूबाय लागायचीच.

मग तिच्या गळ्यात गाठ निघाली.

डॉक्टरांनी स्वरयंत्र काढावं लागेल म्हणून सांगितलं, तेव्हा मुलगा शिवा रडला. वेणूबाय रडली नाही. घरी आल्यावर तिने सुनेला हाक मारली. "मनिषा, तुज्या मोबाईलमदी आवाज भरता येतो ना? माजे सगले धवले भरून घे. ऑपरेशन व्हायच्या आंदी."

मनिषाने मोबाईलऐवजी टॅब आणला. खिडक्या लावून, पंखा बंद करून दोघी स्वयंपाकघरात बसायच्या. वेणूबायचा घसा दुखायचा, ती कोमट पाणी प्यायची आणि पुन्हा सुरू करायची. झेलणाऱ्या बायांसाठी प्रत्येक ओळीनंतर तेवढी जागा सोडायची. मनिषा म्हणायची, "आई, आता बास करा." वेणूबाय मान हलवून पुढचा धवला धरायची. दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी शेवटचा धवला भरून झाला आणि त्यानंतर तिने भरपूर गप्पा मारल्या, घरच्यांपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांशी.

ऑपरेशननंतर ती गळ्याला केलेल्या छिद्रातून श्वास घेऊ लागली. त्यावर ती पातळ सुती रुमाल बांधायची. तोंडातून आवाज निघेना. ओठ हलवले की फक्त शोभाला कळायचं, कारण शोभा वर्षानुवर्षं तिच्या मागे बसून धवले झेलत आली होती. बाकीच्यांसाठी टॅब होता. वेणूबाय चौथीपर्यंत शिकलेली. एकेक अक्षर शोधून दाबायची आणि टॅबमधली बाई ते वाचून दाखवायची. त्या बाईचा आवाज वेणूबायला अजिबात आवडायचा नाही. "जेवली का नाय" हे ती बाई बातम्या दिल्यासारखं म्हणायची.

एके दिवशी पनवेलच्या मच्छीबाजारात वेणूबाय सुक्या बोंबलांचा भाव करत होती. अर्धं वाक्य टाइप झालं आणि टॅब थिजला. बोट लावलं तरी अक्षर उमटेना, चित्र हलेना, बंद करायचं बटण दाबलं तरी बंदही होईना. कोळीण म्हणाली, "बोल ना बाय, कितीला पायजे?" वेणूबाय उभी राहिली. ओठ हलवले, कोळणीला काही कळलं नाही. मागचं गिऱ्हाईक पुढे सरकलं. त्या गर्दीत आपण आहोत हेच कुणाला कळत नाही असं तिला वाटलं, आणि ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदा तिचे डोळे भरून आले.

बाजाराच्या बाहेर मुनाफचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. मुनाफ बरीच वर्षं दुबईत राहून आलेला, पनवेलचाच माणूस. तिने टॅब त्याच्यापुढे धरला.

"हँग झालाय मावशी," तो म्हणाला. "फिकर करू नका. आत्ता करून देतो."

त्याने हात पुढे केला तसा वेणूबायने टॅब मागे ओढला. बोट स्वतःच्या छातीला लावलं.

मुनाफला क्षणभर कळलं नाही. मग तो हसला आणि स्टूल पुढे सरकवलं. "तुम्हीच करणार? या, बसा. हे बघा, चालू-बंद करायचं बटण आणि हे आवाज कमी करायचं. दोन्ही एकत्र दाबायची आणि दाबूनच धरायची. काच मेली तरी ही बटणं ऐकतात. पडदा काळा होईल, तेव्हा घाबरायचं नाही. कंपनीचं चिन्ह दिसलं की सोडून द्यायची."

वेणूबायने दाबली आणि लगेच सोडली. काही झालं नाही.

"सगळे इथेच चुकतात," मुनाफ म्हणाला. "घाई करतात. जरा वेळ धरून ठेवायचं. मनात काहीतरी म्हणा हवं तर."

तिने पुन्हा दाबली आणि मनात हळदीच्या धवल्याची पहिली ओळ म्हणायला लागली, तिच्या नेहमीच्या संथ चालीत. ओळ संपता संपता पडदा काळा झाला आणि चिन्ह उजळलं. टॅब सुरू झाल्यावर तिने पहिल्यांदा टाइप केलं, "परत करते." आणि मुनाफसमोर चांगला चालू टॅब तिने पुन्हा बंद पाडून पुन्हा सुरू केला. मुनाफने चहा मागवला.

त्यानंतर काही महिन्यांनी कोन गावाहून कमळाकर आवताण घेऊन आला. त्याच्या लेकीचं, अनुयाचं लग्न होतं. अनुयाने घरात सांगून ठेवलं होतं की हळदीला वेणूबायचाच आवाज हवा. तो टॅबमधून आला तरी चालेल.

कमळाकरच्या मोठ्या भावाला, काशिरामला ते पटलं नव्हतं. हळदीच्या दिवशी संध्याकाळी वेणूबाय शोभाला घेऊन मांडवात आली तेव्हाही तो म्हणालाच, "मशीनच लावायची तर डीजेवाला बसलाय की. धवलारणीचं काय काम?"

 वेणूबायने चटईवर बसून टॅबची वायर डीजेवाल्याच्या स्पीकरला जोडून घेतली आणि बोट टेकवलं.

तिचा जुना, जाड, घोगरा आवाज मांडवात आला. बोलता बोलता बाया गप्प झाल्या. पहिली ओळ संपली आणि शोभाने ती झेलली, तिच्यामागे बाकीच्या बायांनी. अनुया पाटावर बसली होती. सवाशिणींनी तिच्या गालाला हळद लावायला सुरुवात केली. धवलारणीचा मान म्हणून वेणूबायनेही दोन्ही हातांनी हळद घेऊन तिच्या कपाळाला लावली. मांडवाबाहेर सिगारेट ओढणारे पुरुषसुद्धा आत येऊन उभे राहिले.

धवला अर्ध्यावर आला आणि एका शब्दाच्या मधोमध आवाज तुटला.

बायांना वाटलं, वायर निघाली. डीजेवाल्याने ती काढून पुन्हा लावली. वेणूबायने पडद्यावर बोट ठेवलं, पडदा जागचा हलला नाही. मांडवात कुजबुज सुरू झाली. शोभाने तुटलेली ओळ उचलायचा प्रयत्न केला, पण तिचा गळा जन्मभर झेलायला शिकलेला होता. पुढे नेणारी ओळ तिच्या ओठांवर येईना. दोन शब्द म्हणून ती थांबली.

"मी बोललो व्हतो," काशिराम म्हणाला. "आता नको खोलंबा. हळद लावून घ्या, नायतर तो डीजे सुरू करा."

डीजेवाला वाकून टॅब घ्यायला लागला. "द्या आजी, मी बघतो."

वेणूबायने तळहात वर केला. तो हात बघून तो जागच्या जागी थांबला. कमळाकर भावाला म्हणाला, "दादा, जरा थांब. तिला करू दे."

तिने दोन्ही बटणं चाचपली. मनिषाने नुकतंच टॅबला जाड रबरी कव्हर घातलं होतं आणि त्याच्या आड बटणं हाताला नीट लागत नव्हती. वर हात तेल-हळदीने माखलेले. तिने दाबलं, बोट घसरलं. पुन्हा दाबलं, पुन्हा घसरलं. सगळ्या मांडवाचे डोळे तिच्या हातांवर होते. मच्छीबाजारातला तो दिवस तिला आठवला. तिने पदराला हात खसाखसा पुसले, कव्हर ओरबाडून काढलं आणि बाजूला टाकलं. दोन्ही अंगठे दोन बटणांवर बसवून तिने घट्ट दाबलं.

आणि डोळे मिटून ती मनात गायला लागली.

पडदा काळा झाला. "गेला," कुणीतरी म्हणालं. शोभाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. वेणूबायचे अंगठे हलले नाहीत. ओळ तिने घाई न करता शेवटपर्यंत नेली, शेवटचा हेलही घेतला आणि डोळे उघडले. पडद्यावर चिन्ह उजळलं होतं.

तिने बटणं सोडली. टॅब अजून जागा होत होता. तेवढ्यात तिने शोभाकडे बघून ओठ हलवले. शोभा सगळ्यांना म्हणाली, "ती बोलते, टाल्या धरा." बायांनी ठेका धरला. अनुयाही पाटावर बसल्या बसल्या हळदीच्या हातांनी टाळ्या वाजवायला लागली. पडदा उघडल्यावर वेणूबायने धवला शोधला. तो जिथे तुटला होता तिथून नाही, पहिल्या ओळीपासून लावला. तिच्या मते धवला तुकड्यांनी म्हणायचा नसतो.

आवाज आला तसा मांडव एकदम भरून गेला. मघाशी दबक्या आवाजात झेलणाऱ्या बाया आता गळा मोकळा सोडून झेलत होत्या. कोपऱ्यात खुर्चीवर बसलेली एक म्हातारी हात टेकत उठली आणि येऊन बायांच्या ओळीत बसली. कमळाकरने डोळ्यांना उपरणं लावलं. आणि वेणूबाय ताठ बसून, मान उंच करून, आपल्याच आवाजाच्या तालावर हात फिरवत होती. ओठ प्रत्येक शब्दाबरोबर हलत होते. बघणाऱ्याला वाटावं, तिच्याच गळ्यातून येतंय. आणि आलं होतं तिच्याच गळ्यातून, थोडं आधी एवढंच.

धवला शेवटपर्यंत गेला. हळद लागली.

जेवणाच्या पंगतीत काशिराम तिच्या पानाशी येऊन उभा राहिला.  मग म्हणाला, "वेणूबाय, मार्गशीर्षात आमच्या पोराचं, भावेशचं लगीन हाय. येशील ना?"

वेणूबायने डाव्या हाताने टॅब ओढला आणि एकेक अक्षर दाबलं. टॅबमधली बाई बातम्या देत असल्यासारखी म्हणाली, "येन. पन डीजेवाल्याला लांब बसवा." पंगतीत हशा पिकला. काशिरामही हसला, आणि तिच्या पानात स्वतःच्या हाताने वडे वाढले.

परत येताना दोघी रिक्षात होत्या.  शोभा म्हणाली, "वेणू, मगाशी मना ओल आठवली नाय. सगली येती असं वाटायचं, पन पुढं न्यायची म्हटली तं नाय आली. मना शिकव."

वेणूबायने टॅब मांडीवर घेतला, हळदीचा धवला लावला आणि पहिल्या ओळीनंतर थांबवला. शोभाने ओळ म्हटली. वेणूबायने बोटाने खूण केली: वर, आणखी वर. शोभाने पुन्हा म्हटली. तिसऱ्या खेपेला ती झेलत नव्हती, पुढे नेत होती. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं आणि रिक्षात लावलेलं गाणं बंद करून रिक्षा हळू केली. सुकापूरचे दिवे दिसू लागले, शोभा गात राहिली आणि तिच्या प्रत्येक ओळीला वेणूबाय टाळी देत राहिली.