सगुणाबाईंचं अर्धं द्राक्ष

सगुणाबाईंनी छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. निवृत्तीनंतरही त्यांच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये कुकरच्या शिट्ट्यांची वेगळी वही होती. त्यामुळे जानेवारीत ज्येष्ठ नागरिक संघात एका पाहुण्या आहारतज्ज्ञांनी इंग्रजी पत्रक वाटलं, तेव्हा बाकीच्यांनी त्यावर शेंगांची टरफलं टाकली, पण बाईंनी ते घडी घालून घरी नेलं.

रोज जेवणाआधी अर्धं ग्रेपफ्रूट खावं, असं त्यात लिहिलं होतं. सी जीवनसत्त्व भरपूर, पाणी भरपूर, उष्मांक कमी, पोट लवकर भरतं.

ग्रेप म्हणजे द्राक्ष, फ्रूट म्हणजे फळ. नाशिकमध्ये जन्म काढलेल्या बाईला यात शंका यायचं कारणच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या कोपऱ्यावरच्या कादरभाईंच्या गाडीवर गेल्या.

"एक द्राक्ष द्या."

"एक किलो?"

"एक द्राक्ष."

"चाखायला ना बाई? घ्या की, विचारता काय!"

"चाखायला नाही, औषधाला. अर्धं दुपारी, अर्धं रात्री."

कादरभाईंनी घडातला सगळ्यात टपोरा मणी तोडून दिला.

घरी बाईंनी द्राक्षाची लांबी पट्टीवर मोजली, मधोमध पेनाने खूण केली आणि ब्लेडने कापलं. एक अर्धं बत्तीस वेळा चावून खाल्लं, दुसरं डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवलं. मग पोट भरण्याची वाट पाहत बसल्या. छापील कागदावर भरतं म्हटलंय म्हणजे भरणारच. आणि खरंच भरलं! तीन पोळ्यांवरून त्या दीडवर आल्या. तीन आठवड्यांत दोन किलो वजन उतरलं.

मग काय, कॉलनीभर बोलबाला झाला. कादरभाईंच्या गाडीवर एकेका द्राक्षासाठी रांग लागू लागली. त्यांची बायको रेहाना सकाळपासून कात्रीने मणी सुटे करत बसे. संघातले सावळीराम तर पाच एकर द्राक्षबागेचे मालक. ते खास विचारायला आले, "घरच्या बागेतलं चालेल का बाई?"

"चालेल. पण अर्धंच."

मार्चमध्ये संघाने बाईंचंच व्याख्यान ठेवलं. त्यांनी फळ्यावर वजनाचा आलेख काढला. टाळ्या थांबल्यावर कॉलनीतल्या डॉक्टर उज्वला चाचरत उभ्या राहिल्या.

"बाई, ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे हो. ते मोसंबीच्या कुळातलं, पपनसासारखं दिसणारं कडवट फळ असतं."

सगळ्या माना फळ्यावरच्या आलेखाकडे वळल्या.

"मग आम्ही महिनाभर काय खाल्लं?" सावळीरामांनी विचारलं.

"अर्धं द्राक्ष," डॉक्टर म्हणाल्या.

बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे गुण कापलेली ती बाई. त्यांनी लाल खडू उचलला आणि आलेखाखाली लिहिलं, 'उत्तर बरोबर, रीत चूक. निम्मे गुण.' मग खाली उतरून शांतपणे खुर्चीत बसल्या.

आठवड्याने कादरभाईंनी मुंबईहून खरं ग्रेपफ्रूट मागवून आणलं. बाईंनी ते कापलं, पण तोंडात घालण्याआधी डॉक्टरांना फोन केला. आता विश्वास नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, "कोलेस्टेरॉलची गोळी कुठली घेता?" बाईंनी नाव वाचून दाखवलं.

"मग याला हातही लावू नका! या फळानं त्या गोळीचा अंमल भलताच वाढतो."

बाई गुलाबी फोडीकडे बघत बसल्या. जानेवारीत आपलं इंग्रजी चांगलं असतं, तर हे आपण दिवसातून दोनदा खाल्लं असतं! त्यांना एकदम हसू फुटलं, इतकं की शेजारीण दार वाजवायला आली.

फळ त्यांनी कादरभाईंना नेऊन दिलं. नवराबायकोनं तिखटमीठ लावून एकेक फोड तोंडात टाकली आणि दोघांचेही डोळे गच्च मिटले.

"यानं होतं काय बाई?" कादरभाईंनी कसंबसं विचारलं.

बाईंनी पर्समधून पत्रक काढून सगळे फायदे वाचून दाखवले.

"आणि चव?"

बाईंनी कागद उलटून पाहिला. "चवीबद्दल काही दिलेलं नाही."