पिवळीचं काज

"पिवळीला काजच नाय, मामी. लाल बसली, पांढरी बसली. ही पिवळी कुठं खुपसू? तुमच्या डोक्यात?"

"माझ्या डोक्यात आधीच लय गाठी झाल्यात. नीट बघ. बटण दिलंय म्हणजे काज असणारच."

भाचा टीव्हीच्या पाठीमागं डोकं खुपसून उभा होता, हातात डीव्हीडी प्लेअरच्या वायरची पिवळी पिन. त्याचा धंदा भंगाराचा, त्यामुळं डीव्हीडी प्लेअर त्याच्याच ढिगातून निघालेला. रिमोट नाही, झाकणाला चीर, पण दिवा लागत होता. टीव्ही मात्र भिंतीवरच्या फळीवर ठेवलेला, नवा, चपटा, लेकीनं दिलेला.

मामीचा जन्म ब्लाऊज शिवण्यात गेला. गल्लीत कुणाची पाठ किती उतरती, कुणाचा खांदा कुठं वर, हे तिला तोंडपाठ. कोट मात्र मास्तरांचे. मास्तर म्हणजे तिचा नवरा. दोन मशिनं एकाच खोलीत, पण हद्द ठरलेली. तिनं त्यांच्या कात्रीला हात लावायचा नाही आणि त्यांनी तिच्या गिऱ्हाइकांपुढं तोंड उघडायचं नाही. मग मास्तरांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात गेला, वाचा गेली. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, तसा एकच शब्द उरला: "असं." भूक लागली तरी असं, पाठ खाजली तरी असं.

"मामा आधी तरी कुठं जास्त बोलायचे," भाचा म्हणायचा. त्यावर मास्तर डाव्या हातानं चप्पल शोधायचे.

मास्तरांच्या मशिनवर चादर पडली ती पडलीच. आणि परवा बँडवाला आला. म्हणाला, माझा एक कोट शिवून दाखवा, अंगावर बसला तर सगळ्या वाजवणाऱ्यांचे तुमच्याकडं. मामी हो म्हणून बसली. कापला, जोडला, आणि बाहीशी गाडं अडलं. ब्लाऊजची बाही ती झोपेत लावेल. कोटाच्या बाहीचं वरचं डोकं ती जिथं जोडायची त्या खांद्याच्या मुंढ्यापेक्षा मोठं. तो जास्तीचा झोल चुणी न पडता मुरवायचा कसा? तीनदा लावली, तीनदा उसवली. मास्तर खाटेवरून सांगत होते, "असं, असं," आणि ती करवादत होती, "अहो, असं म्हणजे कसं?" उद्या सकाळी बँडवाला कोट घालून बघायला येणार होता.

तेव्हा तिला डिस्क आठवली. मास्तर पूर्वी एका शिवणवर्गात शिकवायचे. तिथल्या बायकांनी त्यांचा बाहीचा धडा कॅमेऱ्यात धरून ठेवला होता.

"आता लाव तरी," ती म्हणाली. भाच्यानं डिस्क आत सारली. टीव्ही काळाच राहिला, पण खोलीत मास्तरांचा आवाज घुमला. खणखणीत, जरा चिडका.

"बाई, बाही ओढू नका. ती काय बैलाची वेसण आहे? हे बघा, हे इथं असं धरायचं. मग असं. आणि बोटानं असं, असं."

भाचा हसता हसता फळीखाली गेला. मामीनं कपाळाला हात लावला. "तिथं पण तेच. अहो, वर्गातल्या बायांनी तुम्हाला बडवलं कसं नाही?"

मास्तर मात्र मान कलती करून ऐकत होते. स्वतःचा आवाज त्यांनी बऱ्याच दिवसांनी ऐकला होता.

"चित्राशिवाय हे भजन ऐकून काय करू?" मामी म्हणाली. "पिवळी कुठली असते?"

"चित्राचीच. पण मागं काजं उरलीत हिरवं, निळं आणि आणखी एक लाल."

"मग राहू दे. पिवळा दोरा हिरव्या कापडावर मी कधी घातला नाही, आता घालू होय? काहीतरी जळून बसायचं."

"असं," खाटेवरून आवाज आला.

मास्तरांनी डावा हात लांबवून कोट मांडीवर ओढला होता. काळ्या कापडावर मामीनं पांढऱ्या दोऱ्यानं बाही टाचली होती. ते टाके त्यांनी नखानं उचलून दाखवले. मग बोट टीव्हीकडं केलं. "असं."

मामीनं ते टाके बोटानं चाचपले. मग हळूच म्हणाली, "कच्चा टाका. कच्चा टाका मुद्दाम दुसऱ्या रंगाचा घालतो की आपण. नीट दिसावा, नाही जमलं तर ओढून काढता यावा." ती भाच्याकडं वळली. "घाल हिरव्यात. नाही बसलं तर उसवू."

"टीव्ही उडाला तर माझ्या नावानं खडे फोडू नका."

"तुझ्या ढिगात टाकू. घाल."

चित्र थरथरलं, आडवं झालं, मग उभं राहिलं. पडदाभर मास्तरांचे दोन्ही हात. डावा हात आतून मुठीसारखा धरलेला, बाही त्या मुठीवर पालथी, आणि उजव्याची बोटं कापड ओढत नव्हती. झोल थोडा थोडा पुढं ढकलत होती, लेकराला थोपटावं तशी.

"अगं बाई," मामी म्हणाली. "मुठीवर घ्यायची होय. मी आपली सपाट पाटावर मांडून झगडतेय."

"असं," मास्तर म्हणाले. या वेळी त्यात फुशारकी होती.

रिमोट नव्हता, त्यामुळं मधेच थांबवता येईना. भाचा दरवेळी डिस्क काढून पहिल्यापासून लावत होता. मास्तर वर्गातल्या बायांना पुन्हा पुन्हा बैलाची वेसण ऐकवत होते. मामीनं पांढरे टाके ओढून काढले, बाही मुठीवर घेतली आणि दुसऱ्या बाजूनं मास्तरांनी आपल्या डाव्या हाताचा अंगठा मुंढ्यावर दाबून धरला.

"असं?" तिनं विचारलं.

त्यांनी बाहीवरून नजर फिरवली. मग अंगठा नखभर पुढं सरकवला. "असं."

तिनं नव्यानं टाचली. झोल कापडात मुरला, चुणी पडली नाही. एका बाहीवर कोट होत नसतो, दुसरी अजून लोंबत होती. तिनं भाच्याला फळीखालून हाकलला, मास्तरांच्या मशिनवरची चादर काढून त्याच्याच खांद्यावर टाकली, तेलाचे थेंब सोडले आणि पायडल दाबलं.