ऑपरेटर आजींचं पहिलं पान

ग्रंथालयाच्या मासिकं-वर्तमानपत्रं विभागातल्या ताईंना सगळे ‘संदर्भताई’ म्हणत. दर शनिवारी दुपारी त्या कोपऱ्यातल्या चार कॉम्प्युटरांवर नवख्यांना ऑनलाइन ज्ञानकोशात लिहायला शिकवायच्या. हौसेनं, फुकट. त्यांचा नियम एकच : शिकणाऱ्याच्या माउसला हात लावायचा नाही. फारच राहवेना, तर त्या दोन्ही हात मांडीखाली दाबून बसत.

आज हात चांगलेच दाबावे लागत होते. टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेल्या ऑपरेटर आजींनी शहरातल्या जुन्या एक्स्चेंजवर पान लिहिलं होतं. आयुष्यातलं पहिलं. त्याच्या माथ्यावर पाटी झळकत होती : संदर्भ नाही, सात दिवसांत पान काढलं जाईल. आज सातवा दिवस.

“संदर्भ कसला मागतात? एकतीस वर्षं तिथं बसले. मीच संदर्भ!” आजी कडाडल्या.

“तुम्ही खऱ्याच हो. पण दूरच्या वाचकानं खात्री कशी करायची? तुम्हाला फोन लावून?”

“लावू दे की! माझ्याइतकं पटकन कोण उचलतंय?”

ताईंना हसू आवरेना. “ऑफिसबद्दल कधी काही छापून आलं होतं का?”

“कर्मचाऱ्यांचं मासिक निघायचं. त्यात माझा फोटो आला, तर सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत. काय निवांत आठवडा होता!”

ताई उठल्याच. आतल्या खोलीतले गठ्ठे उपसून तासाभरानं शिंकत शिंकत परत आल्या, ते मासिक घेऊनच. सगळं होतं त्यात. पण एक्स्चेंज सुरू झाल्याचं साल आजींच्या सालाच्या दोन वर्षं आधीचं होतं.

“शक्यच नाही. माझं लग्न झालं त्याच वर्षी सुरू झालं.”

“मग लग्नाचं साल तपासा.”

आजींनी बोटांवर हिशेब केला आणि ओशाळून म्हणाल्या, “घालते बाई मासिकातलंच.”

पावणेपाच वाजले. पाचला ग्रंथालय बंद. आजी एकेक अक्षर शोधत होत्या. “तूच कर ना, तुझी बोटं पळतात.”

“पान तुमचं, आजी.”

मासिकाचा पान क्रमांक राहिला, तो मागाहून घातला. पाचला चार मिनिटं असताना बटण दाबलं गेलं आणि वाक्याच्या शेवटी संदर्भाचा चिमुकला ‘१’ उमटला. पाटी काढण्याची विनंतीही आजींनी स्वतःच टाइप केली.

सोमवारी ग्रंथालय उघडायच्या आधीच आजी दारात हजर. पान उघडलं, तर पाटी गेली होती! आजींनी टाळीच वाजवली. मग त्यांची नजर शेवटच्या ओळीवर गेली.

“हे मी नाही लिहिलं. न विचारता कोण घुसलं माझ्या पानात?”

“आता ते सगळ्यांचं झालं, आजी. वाचा तर खरं.”

कुणा अनोळखी माणसानं जुन्या वर्तमानपत्राचा संदर्भ देऊन लिहिलं होतं : पुराच्या वेळी ऑपरेटर तीन दिवस घरी न जाता काम करत राहिल्या.

“अगंबाई! मी विसरूनच गेले होते. सात जणी होतो आम्ही. उकडलेल्या बटाट्यांवर दिवस काढले.” आजींनी चष्मा पुसला, खुर्ची पुढं ओढली. “याला निरोप कसा पाठवायचा ते सांग.”

ताईंनी त्या माणसाचं चर्चापान उघडायला सांगितलं. आजींनी आभार मानले, थोडा विचार केला आणि खाली विचारलं : ‘तुम्ही कोणाचे?’