दोनशे वर्षं जुनी पाटी

नागरिकत्वाच्या मुलाखतीला नऊ दिवस राहिले होते. ऑफिसमधून आले, गाडी ड्राइव्हवेत वळवली आणि कचकन ब्रेक दाबला. आमच्या लॉनवर रस्त्याकडे तोंड करून पाटी रोवलेली होती. लाल अक्षरांत, इंग्रजीत: परक्यांना हाकलणारा कायदा रद्द करा!

मी ती उपटली आणि गॅरेजमध्ये भिंतीकडे तोंड करून ठेवली.

मुलगी धावत बाहेर आली. आठवीत आहे, इथलाच जन्म. "आई! दॅट्स माय प्रोजेक्ट!"

हा देश नवा असताना इथे जे दोन पक्ष होते, तसेच दोन गट शिक्षिकेने वर्गात पाडले होते. एकाला मजबूत केंद्र सरकार, बँका, व्यापार हवा. दुसऱ्याला सत्ता राज्यांकडे हवी, शेतकऱ्यांच्या हातात. बाहेरून आलेले लोक बहुतेक दुसऱ्याच्या बाजूचे, म्हणून पहिल्या पक्षाने कायदे केले: नागरिकत्वासाठी पाचऐवजी चौदा वर्षं थांबा, आणि धोकादायक वाटेल त्या परक्याला राष्ट्राध्यक्षांनी हाकलावं. मुलगी दुसऱ्या पक्षात होती. पाटी घरासमोर लावून फोटो द्यायचा होता.

"दोनशे वर्षं जुनंय ते, यार!"

"तुला माहितीये. रस्त्यावरून जाणाऱ्याला माहितीये का? आणि यार कुणाला म्हणतेस?"

"बट तू इल्लीगल थोडीच आहेस?"

"मुलाखत होईपर्यंत मी कोण आहे ते मलाच माहीत नाही."

"रिलॅक्स. ते कायदे गेले. म्हणजे, मोस्टली." ती फोनमध्ये बघत होती. "चार होते. एक अजून आहे."

कोणता, ते मी विचारलं नाही. कुकर लावला.

तिने फोटो गॅरेजमध्ये काढला. घरासमोर नाही म्हणून मार्क कापले गेले. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी तेही चालवून घेतलं.

मुलाखतीतला अधिकारी सभ्य होता. फॉर्म वाचत त्याने विचारलं, "कुठल्या संस्थेशी, पक्षाशी संबंध?" फॉर्मवर मी आमच्या मराठी मंडळाचं नाव लिहिलं होतं. गणपतीच्या जेवणाला दर वर्षी वाढायला असते.

"आणखी काही?"

पाटी तासभर तरी लॉनवर होती. समोरच्या घराच्या दाराला कॅमेरा आहे.

"नाही," मी म्हणाले. त्याने कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं, ते अजून माहीत नाही. मग प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली, पास झाले.

घरी आल्यावर मुलगी म्हणाली, "आता पाटी लावू?"

"शपथ होऊ दे."

शपथ झाली. तिने पुन्हा विचारलं. मी म्हणाले, "पासपोर्ट येऊ दे."

पासपोर्टही आला. या वेळी तिने विचारलं नाही.

परवा बर्फाचं फावडं काढताना पाटी घसरली आणि लाल अक्षरं गॅरेजच्या उघड्या दाराकडे झाली. मी आधी दार बंद केलं. मग पाटी उचलून पुन्हा भिंतीकडे वळवली.